माजी व्हाईस चेअरमन यांचं तीनदा स्वागत

आमच्या भागात लग्न लावायला भटजी लागतो आणि लग्न निभावून न्यायला माईकवाला लागतो. भटजीने दोन मंत्र गाळले तर ते फक्त देवाला कळतं, आणि देव काही जेवणावरून उठून जात नाही. माईकवाल्याने एक नाव गाळलं तर तो माणूस उठतो, त्याच्यामागे त्याची भावकी उठते, आणि पुढे कित्येक वर्षं ती घरं एकमेकांच्या मयतीलासुद्धा जात नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याच्या आसपासच्या गावांत बरीच वर्षं हा माईक माझ्या हातात होता. काम ऐकायला सोपं वाटतं. मांडवात आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव त्याच्या पदासकट घ्यायचं, मोठ्या पदापासून लहान पदापर्यंत उतरत यायचं, आणि तो वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी वेळात वेळ काढून आला असं म्हणायचं. त्या माणसाकडे वेळाशिवाय दुसरं काही नसतं, पण म्हणायचं. आजी सरपंच, माजी सरपंच आणि पुढच्या निवडणुकीला उभा राहणार म्हणून भावी सरपंच. सोसायटीचा चेअरमन. तंटामुक्तीचा अध्यक्ष, ज्याचे स्वतःचे बांधावरून दोन तंटे कोर्टात चालू आहेत. मी हे सगळं हातात कागद न धरता करायचो. नजर मांडवभर फिरवायची, फेटा दिसला की नाव ओठावर हजर. इतरांची लग्नं लावण्याच्या नादात माझं स्वतःचं राहून गेलं, त्याचंही मला तेव्हा फार वाईट वाटत नव्हतं.

मग मी आजारी पडलो. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या गावात कोणाच्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून सगळे नुसतं 'डोक्याचं' म्हणतात आणि कानाजवळ बोट फिरवतात. सुरुवात लग्नातच झाली. मला मांडवात नसलेल्या माणसांचे आवाज यायला लागले. ती आपापली नावं सांगायची आणि मी शिरस्त्याप्रमाणे त्यांचं स्वागत करायचो. एका लग्नात मी अशा बऱ्याच जणांचं स्वागत केलं आणि कोणालाही काही वावगं वाटलं नाही. वराकडच्यांना वाटलं वधूकडचे असतील, वधूकडच्यांना वाटलं वराकडचे. शिवाय न आलेल्या पुढाऱ्याला 'थोड्याच वेळात आपल्यात दाखल होत आहेत' म्हणून मान द्यायची पद्धत आहेच. त्या पद्धतीच्या पदराआड माझा आजार एक आख्खा हंगाम सुखाने राहिला. उघडा पडला तो एका अंतरपाटाच्या वेळी, जेव्हा मी माईकवरून भटजींना थांबवलं आणि मंगलाष्टकांतून माझ्याविरुद्ध निरोप पाठवणं बंद करा असं बजावलं. ते लग्न कसंबसं लागलं आणि मला घरी आणलं.

भावकीच्या सल्ल्याने आधी शनिशिंगणापूरला नेलं. तेल वाहून झाल्यावर थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, ओळखीतल्या घरी उतरलो. मला खोलीत कोंडून ठेवायचं ठरलं होतं, पण त्या गावात घरांना दारं नसतात हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या घरची शहाणी माणसं विसरली. मी पडदा बाजूला सारून भर दुपारी निघालो आणि रस्त्यावरच्या रसवंतीत जाऊन बसलो. तिथेच त्यांना सापडलो.

मग नगरच्या डॉक्टरांकडे आणलं. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पाटीवर अहिल्यानगर आहे, पण एसटीच्या कंडक्टरपासून कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच येतं. त्यांना कोणी 'विसरायला लागलात, एकदा दाखवून घ्या' म्हणत नाही. मी सकाळी काय खाल्लं ते विसरलो की घरात बैठक बसते.

गोळ्यांनी मला माणसांत आणलं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी हे वाचून आपल्या गोळ्या गटारात टाकायचा. आवाज थांबले. मंगलाष्टकं पुन्हा नुसती मंगलाष्टकं झाली, आणि त्यात निरोप बिरोप काही नसून यमकंसुद्धा धड नसतात हे मला पुन्हा कळायला लागलं. किती दिवसांनी पाठ टेकली तेव्हा झोप लागली. ज्याचं जळतं त्याला कळतं. ती शांतता मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही.

पण घर झाडताना केराबरोबर अंगठी जावी तसं आवाजांबरोबर इतरही काही गेलं. पेपरातली बातमी वाचायला घेतली की तिसऱ्या ओळीला पहिली ओळ गेलेली असायची. कोणी लांबलचक बोललं तर त्याचा शेवट माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर सुरुवात निघून जायची, आणि आमच्याकडे कोणी थोडक्यात बोलतच नाही. विहिरीवरची मोटार चालू करून मी बांधावर बसायचो आणि कशासाठी बसलोय ते न सुचून घरी यायचो. कांद्याच्या वाफ्यात बदकं पोहतील एवढं पाणी व्हायचं. आईने मीठ, काडेपेटी आणि साबण आणायला धाडलं तर मी काडेपेटी आणि खोबरं घेऊन यायचो. खोबरं कोणी सांगितलं होतं ते मला माहीत नसायचं आणि दुकानदारालाही नसायचं.

आणि नावं गेली. माणूस समोर यायचा, त्याचं शेत आठवायचं, त्याची म्हैस आठवायची, त्याने लेकीच्या लग्नात वरपक्षाशी काय भांडण केलं तेही आठवायचं. नाव मात्र ओठापर्यंत येऊन माघारी फिरायचं. या लिखाणात एकाही माणसाचं नाव नाही हे माझं सौजन्य समजू नका. त्या दिवसांत पडलेली सवय आहे.

मुख्य गोळीने हात थरथरायला लागले म्हणून थरथर थांबवायला दुसरी गोळी आली. दुसऱ्या गोळीने तोंड कोरडं पडायला लागलं म्हणून आईने खडीसाखर सुरू केली. खडीसाखरेवर उतारा म्हणून मात्र कोणी काही दिलं नाही. मी दर महिन्याला दादाबरोबर नगरला जायचो. डॉक्टर मला विचारायचे आणि उत्तर दादा द्यायचा.

"झोप?"

"झोपतोय की. हालवून उठवावं लागतंय."

"आवाज येतात का?"

"न्हाई आता."

"चिडतो, मारायला धावतो, असं काही?"

"अजिबात न्हाई, सायेब. गाय हाय गाय."

"मग छान चाललंय."

एकदा दादाच्या आधी मीच बोललो. म्हटलं, "डॉक्टर, माझ्या लक्षात राहत नाही काही." डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी मान वर करून सांगितलं, की या आजारात मुळातच लक्ष आणि आठवण कमी होते, सगळा दोष गोळीवर टाकू नका, आवाज थांबलेत हे फार मोठं आहे. त्यांचं बरोबरच होतं. फक्त तेवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, आणि ती बरोबर असलेली गोष्ट दर महिन्याला तिथेच संपायची.

घरात तर आनंदच होता. गप्प बसलेला माणूस बरा झालेला माणूस असतो, अशी आमच्याकडची समजूत आहे. मी दिवसभर ओट्यावर बसून माशा हाकायचो आणि येणारा-जाणारा म्हणायचा, "चांगला सुधारला की!" ज्या माणसाला समोरच्या वाक्याचा शेवट लागत नाही तो वाद घालत नाही, वाटणी मागत नाही, लग्न करून द्या म्हणत नाही. कधी चुकून भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं, तर वहिनी आईकडे बघायची आणि आई मला विचारायची, "गोळी घेतली ना रं?" त्या दिवसांत मी बरीच खारट भाजी खाल्ली.

हे सगळं आणखी पुष्कळ वर्षं असंच चाललं असतं. पण दादाची मुलगी, माझी पुतणी, संगमनेरला फार्मसी शिकायला गेली. लहानपणी ती माझ्याबरोबर लग्नांना यायची, स्टेजवर माझ्या पायाशी बसायची आणि एखाद्याचं पद मी चुकवतोय का याच्यावर डोळा ठेवायची. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने माझ्या गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"काका, ही थरथरीची गोळी अजून कशाला घेताय? तुमचे हात कुठं थरथरतात?"

"ती घेतो म्हणूनच थरथरत नसतील."

"किंवा आता लागतच नसेल. या गोळीनं आठवण कमी होते, काका. कधीपासून चालू आहे?"

ते सांगायला जी आठवण लागते तीच माझ्याकडे नव्हती. त्या महिन्यात दादाऐवजी ती माझ्याबरोबर नगरला आली. डॉक्टरांशी ती फार अदबीने बोलली, म्हणजे आमच्या घरातल्या बाईला शोभणार नाही इतक्या हळू आवाजात. डॉक्टरांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले, आणि जुने कागद चाळले. थरथर थांबल्यावर ती गोळी कमी करायची होती. ती दर कागदावरून पुढच्या कागदावर उतरत राहिली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात राहत नाही हे निदान मात्र माझं होतं. डॉक्टर म्हणाले, ही हळूहळू बंद करू, मुख्य गोळीही थोडी उतरवून बघू, पण एकदम काही तोडायचं नाही आणि आवाज आले तर त्याच दिवशी यायचं. मी सांगितलं तसं केलं.

फरक लगेच पडला नाही. दिवाळी गेली, ज्वारी काढून झाली, तेव्हा कुठे डोक्यावरची जड घोंगडी कोणीतरी सरकवल्यासारखं वाटायला लागलं. एक दिवस मी दुकानातून मीठ, काडेपेटी आणि साबण तिन्ही घेऊन आलो. आई साबणाकडे बघत म्हणाली, "ह्यो कुनी सांगितला तुला?" म्हटलं, "तूच." तिला आठवत नव्हतं. मग नावं परत यायला लागली. सगळ्यांत आधी नाव परत आलं ते आमचा बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याचं. चांगल्या माणसांची मागाहून आली. गोष्ट सांगायला घेतली तर ती शेवटापर्यंत सांगता यायला लागली, आणि लोक हसले की मला माणूस असल्यासारखं वाटायचं. सगळं परत आलं नाही. पूर्वी जिथे विहीर होती तिथे आता हापसा होता, पण पाणी येत होतं.

त्यातच पुतणीचं लग्न ठरलं. मुलगा संगमनेरचा, तिच्याच कॉलेजातला, घराणं पदांनी लडबडलेलं. कोणी दूध संघावर, कोणी कारखान्यावर, कोणी पतसंस्थेवर. मुलाला तिने माझ्याबद्दल स्वतः सांगितलं होतं आणि त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. पण त्याच्या घरच्यांना सांगायची छाती आमच्यात कोणाची नव्हती. चुलता डोक्याचा आहे म्हटल्यावर स्थळ मोडतं. तेव्हा घरच्यांनी बसून असं ठरवलं, की मला शुगर आहे. रोजच्या गोळ्यांचं कारणही त्यात बसत होतं. साखरपुड्याला जिलेबी आली आणि व्याह्यांनी मोठ्या मायेने माझ्या ताटातली उचलून बाजूला ठेवली. मला बिनसाखरेचा चहा दिला. दादा समोर बसून माझ्या वाटणीची जिलेबी खात होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आजार लपवायचाच तर निदान ज्याला पथ्य नाही असा निवडावा.

जेवणं झाल्यावर पुतणीने सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "माझ्या लग्नात माईक काका धरतील."

घरी आल्यावर रण पेटलं. दादा म्हणाला, "अगं, पावनं कसले हायेत बघितलंस न्हवं? तिथं ह्यो काय येडंवाकडं बोलला म्हंजे? आपली इज्जत जाईल, अन् तुला तिथं नांदायचंय."

"मग माईकच नको," ती म्हणाली.

नगर जिल्ह्यात बिनमाईकचं लग्न म्हणजे ते लागलं की नाही याचीच शंका. दादा उठून गोठ्यात गेला. आई देवघरात जाऊन बसली. ठरलं.

मला ते किती हवं होतं हे सांगायची आता लाज वाटत नाही. एक मांडव नीट पार पाडला असता तर मी घरात सांभाळलेला माणूस राहिलो नसतो. लोकांनी मला बोलावलं असतं, चुकलो असतो तर शिव्या दिल्या असत्या, म्हणजे इतरांना देतात तशा. मी तयारीला लागलो. गोठ्यातल्या जनावरांना पदं वाटून दिली आणि रोज दुपारी त्यांचं स्वागत करायला लागलो. थोरल्या म्हशीला कारखान्याचं संचालकपद दिलं, शेळीला पंचायत समितीचं सभापतिपद. शेळी पदाला शोभेशी चरत राहिली. वरपक्षाकडच्या पाहुण्यांची नावं आणि पदं पुतणी मला फोनवरून सांगायची आणि दुसऱ्या दिवशी उलटतपासणी घ्यायची. शेवटी शेवटी माझं एकही चुकत नव्हतं. ती फोनवर ओरडायची, "काका, पैकीच्या पैकी!"

लग्न जामखेड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. सकाळी माझी जी गोळी असते ती मी घेतली. त्यानंतर आईने पेलाभर ताक आणून दिलं. "उन्हाचं बोलायचंय, पी," म्हणाली आणि पेला रिकामा होईपर्यंत उभी राहिली. कार्यालयावर पोहोचलो तर दादा स्वतः चहा घेऊन आला. जन्मात स्वतःच्या पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस दोन्ही हातांनी कप धरून आला होता. मला भरून आलं. एवढी सरबराई आमच्या आमदाराचीही होत नाही, असं मी त्याला म्हटलंसुद्धा. थोड्या वेळाने नवरीच्या खोलीतून बोलावणं आलं. पुतणी हिरव्या चुड्यात, कोपरापर्यंत मेंदी काढून बसली होती. समोर वाटीत शिरा होता. "काका, माझ्या हातचं खाऊन जा," म्हणाली आणि तिने मला भरवलं. मी डोळे पुसत बाहेर आलो आणि माईक हातात घेतला.

पहिला अर्धा तास मी जे बोललो ते अजून लोक काढतात. नावं अशी येत होती, की माझी मलाच दृष्ट लागावी. संगमनेरची मंडळी आपापली पदं बरोबर ऐकून खुर्चीत सैल झाली. दूध संघ झाला, पतसंस्था झाली, बाजार समिती झाली. मग कारखान्याच्या माजी व्हाईस चेअरमनचं स्वागत केलं. ते उठले, हात जोडले, बसले. पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. समोरचे फेटे एकमेकांत मिसळायला लागले. मी जे नाव सापडलं ते घेतलं, आणि ते माजी व्हाईस चेअरमनचंच निघालं. ते पुन्हा उठले, हात जोडले. तिसऱ्यांदा स्वागत झालं तेव्हा तर ते स्टेजच्या दिशेने दोन पावलं पुढे आले, त्यांना वाटलं आता भाषणाला बोलावतायत. विद्यमान चेअरमन शेजारीच बसले होते आणि त्यांचं नाव एकदाही झालं नव्हतं. त्यांचा चेहरा मला दिसत होता, गाडीचा रंग आठवत होता, नाव नव्हतं. मग माईक हातात धरून मी नुसता उभा राहिलो. मांडवात पंखे फिरत होते तेवढा आवाज.

दादाने हळूच येऊन माझ्या हातातून माईक काढला आणि शाळेतल्या एका गुरुजींच्या हातात दिला. मला आचाऱ्याच्या खोलीमागे गाद्यांच्या थप्पीवर नेऊन निजवलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणी झाली. मी उठलो तेव्हा मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते आणि पुतणीची गाडी संगमनेरच्या वाटेला लागली होती. जिला पाठीवर घेऊन हिंडवली तिच्या डोक्यावर मला चार तांदूळ टाकता आले नाहीत. मी त्या गाद्यांवर बसून रडलो, आणि मांडववाल्याने एका हाताने गादी ओढत विचारलं, "उठताय का जरा?"

त्यानंतर मी बोलणं सोडलं. मला कळलं होतं, की डोकं संपलं. गोठ्यात, ओट्यावर, फोनवर जमायचं ते शेळीपुरतं होतं. गंमत म्हणजे घरात कोणी मला एक शब्द बोललं नाही. दादाने नवीन चप्पल आणली. आई दोन वेळा गरम भाकरी वाढायला लागली. मला वाटलं, कीव करतायत. विद्यमान चेअरमन जेवणावरून उठून गेले त्याबद्दलसुद्धा कोणी मला दोष दिला नाही, आणि आमच्या घरात दोष द्यायची संधी अशी वाया जात नाही.

पुढच्या खेपेला नगरला जाताना आईही आली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताण झेपला नसेल. गोळी कमी केली ती मानवली नाही असं दिसतंय. पुन्हा पहिल्याइतकी करू."

"म्या म्हनलंच हुतं," दादा म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मी मान हलवली. पुन्हा ओटा, पुन्हा माशा, पुन्हा तिसऱ्या ओळीला गेलेली पहिली ओळ. नको म्हणायला माझ्याकडे काही आधार उरला नव्हता. डॉक्टर लिहायला लागले.

"वाढवू नका हो सायेब," आई एकदम म्हणाली. "त्या दिशी म्याच त्याला येक जास्तीची दिली हुती. ताकातनं."

आजाराच्या सुरुवातीला मी गोळ्या थुंकायचो तेव्हा आई जेवणात मिसळून द्यायची. तिचा त्यात हात बसलेला होता.

दादा खुर्चीतून अर्धा उठला. "तू दिलीस? अगं, मी दिली हुती की! चहातनं!"

"तुला कुनी सांगितलं हुतं द्यायला?"

"अन् तुला कुनी सांगितलं हुतं?"

"मला वाटलं, मानसांत गेल्यावर बिथरला म्हंजे?"

"मग मला काय दुसरं वाटलं हुतं व्हय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या दोघांचं भांडण थांबेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारून घेतलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी आईला आणि दादाला असं झापलं, की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. माणसाला न सांगता अशी गोळी द्यायची नसते, वरून जास्तीची तर नाहीच, गादीवर झोपला तो उठला हे नशीब समजा. लिहिलेलं त्यांनी खोडलं. गोळी होती तेवढीच राहिली.

परतीच्या एसटीत मी त्या दोघांना सोलून काढलं. लग्नात वरण कमी पडू नये म्हणून आचाऱ्याला दहा वेळा विचारणारी माणसं, गोळीचा अंदाज मात्र एकमेकांना न विचारता करून मोकळी झाली. मी दादाला म्हटलं, गोळी लपवायची होती तर चहात साखर तरी घालायची. आई पदराआड हसत होती. दादा खिडकीबाहेर बघत होता. मला राग होता, पण त्याहून मोठा आनंद होता. डोकं संपलं नव्हतं. माजी व्हाईस चेअरमन तीनदा उठले ते माझ्यामुळे नव्हे, आमच्या घराच्या काळजीमुळे. मी कितीतरी दिवसांनी बोलत होतो आणि कोणी मला गोळीचं विचारायला धजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणीचा फोन आला. तिला तिच्या बापाकडून सगळं कळलं होतं. मला वाटलं आता ती आजीला आणि बापाला शिव्या घालेल आणि आम्ही दोघं मिळून हसू. मी तर सुरुवातही केली, "तुझ्या बापाचा चहा..."

"काका," ती म्हणाली, "शिऱ्यात मीपण घातली होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अर्धीच. जास्त नाही. मला माहीत होतं, अर्धीनं काही होत नाही. ताकाचं नि चहाचं मला ठाऊक नव्हतं." ती रडायला लागली. "मला तुमची भीती नव्हती, काका. सगळे बघत होते ना."

आई घाबरते, दादा घाबरतो, हे धरून चालायची मला सवय होती. त्यांची थट्टा करता येते. हिची करायला मी शब्द शोधले आणि मला एकही सापडला नाही. फार दुखलं, एवढंच सांगता येईल.

"विसरून जाल ना, काका?"

"अगं, माझ्या कुठं काय लक्षात राहतंय," मी म्हणालो.

ती रडता रडता हसली. तिला हायसं वाटलं. मग सासूबाई चहात वेलदोडा घालतात आणि तिला तो आवडत नाही, असं काय काय सांगत बसली, आणि मी हो हो म्हणत राहिलो.

शिऱ्यात केळं होतं. शिरा गरम होता म्हणून तिने फुंकर घातली होती. मेंदी पुसू नये म्हणून चमचा तिने बोटांच्या टोकांनी धरला होता. शेवटचा घास मी नको म्हटला तेव्हा ती म्हणाली, "संपवा काका, माझी शपथ," आणि वाटीच्या तळाचं खरवडून तिने माझ्या तोंडात घातलं. मी गिळेपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी दादाला बाहेर बसवून मला एकट्याला विचारलं, "आता लक्षात राहतं का?"

म्हटलं, "हो. सगळं राहतं."